इंजिनाचे एकवीस वाटे

आंतोन मेस्त काम करताना बोल्ट तोंडात धरायचा. एकदोन नव्हे, मूठभर. लांब बोल्ट डाव्या गालात, आखूड उजव्या गालात, वायसर जिभेखाली. त्याची सुरुवात मच्छीमारांच्या लाँचींवर झाली होती. लाँचीच्या पोटात बोल्ट पडला तर तेलकट पाण्यात सापडत नाही, आणि बाहेर पडला तर समुद्रच. म्हणून तोंड. पुढे जमिनीवरच्या गाड्या दुरुस्त करायला लागला तरी सवय गेली नाही. काम चालू असताना त्याला काही विचारून उपयोग नसायचा. तो फक्त हुंकार द्यायचा आणि गिऱ्हाईक आपल्याला पाहिजे तो अर्थ घेऊन घरी जायचं.

गेल्या पावसात तो म्हापशाला मुलीच्या घरी वारला. मी मयताला गेले नाही. गुडघे चालत नाहीत, आणि मयतं मी पुष्कळ बघितली. पण वाडीत त्याचं नाव निघालं की माझ्या मुलाच्या गाडीची गोष्ट निघते, आणि ती जो तो आपल्या मनासारखी सांगतो. त्या गोष्टीत मी होते. म्हणून लिहिते.

काम संपलं की मेस्त एकच शब्द बोलायचा. "तात्पुरतां." त्याने केलेलं कुठलंच काम त्याच्या मते कायमचं नव्हतं. आमच्या विहिरीच्या पंपाला त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, तोही तात्पुरता. तेव्हा माझे यजमान होते. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली, पंप चालतो. एकदा मी विचारलं, "मेस्त, तुझां कायमचां काम कसां असता ता एकदा दाखव तरी." तर म्हणाला, "वयनी, कायमचां फक्त पाद्री करता. मातयेत घालता."

माझा मुलगा प्रमोद, घरात पमू, जहाजावर स्वयंपाकी होता. सहा-सात महिने पाण्यावर, दोन-तीन महिने घरी. सून आणि नात पुण्याला असतात. गणपतीनंतरच्या एका रजेत त्याने गोव्यातल्या कुणाकडून जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल रंगाची, दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली. तिच्यात बसायचं नव्हतं, विहिरीत उतरतात तसं उतरायचं होतं. मी म्हटलं, हे काय आणलंस, यात भाताचं पोतं मावत नाही. तो हसला. येताना पावसाने रस्ता भरला होता आणि त्याने गाडी तशीच पाण्यात घातली होती. शेवटचे तीन किलोमीटर टेम्पोला बांधून आणली.

मेस्ताने बोनेट उघडलं, एक प्लग काढला, बोट घातलं, चाटलं. "इंजिनान पाणी पिलां," म्हणाला. "आतली दांडी वाकली. ह्यां इंजिन गेलां. दुसऱ्या गाडयेचां घालूक व्हयां."

"घाला," पमू म्हणाला. त्याला एवढं सोपं वाटलं होतं.

इंजिन सोडवायला मेस्ताला नऊ दिवस लागले. तेल काढलं, रेडिएटर काढला, वायरी सोडवल्या. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना जाळ्याचा रंगीत दोरा बांधला. लाल दोरा लाल दोऱ्याला, हिरवा हिरव्याला. लिहून ठेवत नव्हता. त्याचं म्हणणं, कागदाला तेल लागतं, दोऱ्याला लागलं तरी गाठ ती गाठच राहते. खालचा एक बोल्ट गंजून बसला होता, त्याला दोन दिवस रॉकेल पाजलं. शेवटी इंजिन मोकळं झालं, तर उचलायला साखळी-कप्पी नाही. ती विजयदुर्गला एका लाँचीसाठी गेली होती आणि लाँचवाला फोन उचलत नव्हता.

मग मेस्ताची नजर आमच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपीत, गेली. तिथे रापणीची दोरी होती. आमच्या घराची एकेकाळी रापण होती. किनाऱ्यावरून जाळं टाकायचं आणि दोन्ही बाजूंनी तीस-चाळीस माणसांनी ते वाळूवर ओढायचं. आता कोण ओढत नाही, ओढलं तरी कचराच जास्त येतो. यजमान गेल्यापासून त्या दोरीला कुणी हात लावला नव्हता. मेस्ताने विचारलंसुद्धा नाही. मांगराच्या तुळईला लाकडी कप्पी बांधली, दोरी ओवली आणि इंजिनाला फास दिला.

काम चार माणसांचं होतं. जमली वीस. रापणीची दोरी अंगणात पसरलेली बघितली आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येकजण आत आला. दाजी देवळातून आला, रुक्मी मासे विकून परतत होती ती पाटी खाली ठेवून आली. ओढताना जसं ओरडतात तसं ओरडायला लागले. माझा खारवलेला बांगडा अंगणात चटईवर सुकत होता. मी केरसुणी घेऊन बाहेर आले.

"मेल्यांनू, बांगड्यावर पाय देतास! डोळे फुटले काय?"

तेवढ्यात पुढच्याचा पाय त्याच बांगड्यावरून घसरला. तो पडला, त्याच्या अंगावर मागचे दोघे पडले, दोरी सुटली. इंजिन हातभर खाली आलं. खाली पमूचा हात होता. दोरी माझ्या पायापाशी सळसळत होती. मी केरसुणी टाकली आणि दोरी धरली. मेस्ताने तोंडातले सगळे बोल्ट थुंकले आणि ओरडला, "सोडू नको गो!" चाळीस वर्षांत 'वयनी' सोडून तो मला एकदाच 'गो' म्हणाला. मी सोडली नाही. बाकीच्यांनीही धरली. इंजिन वर गेलं, मग बाजूला घेऊन जुन्या टायरांवर टेकवलं.

माझ्या तळव्यांची सालं निघाली होती. पमू आपली पाची बोटं मोजून बघत होता.

रापणीचा नियम असा की दोरीला ज्याने हात लावला त्याला वाटा. म्हातारा असो, वाटसरू असो, शेवटच्या दहा हातांपुरता आलेला असो. मासे वाळूवर पडले की ढीग करायचे, ज्याचा त्याने उचलायचा. त्यामुळे इंजिन टेकवल्यावर माणसं जाईनात. सवयीने उभी राहिली. दाजी म्हणाला, "काय रे पमू, आमचो वाटो?"

"काय देऊ? पिस्टन वाटू?" पमू म्हणाला. सगळे हसले. मग तो म्हणाला, "बरां. नवीन इंजिन बसांदे, एकेकाक फेरी मारून हाडतंय. धक्क्यापर्यंत."

"व्हय?" रुक्मीने विचारलं.

"व्हय."

"मोजा," मेस्त म्हणाला. मोजले. माझ्यासकट आणि पमूसकट एकवीस.

पमू जहाजावर गेला. पुढच्या रजेत इंजिन घालायचं ठरलं होतं. मार्चमध्ये कंपनीचा फोन आला. भटारखान्यात उभ्याउभ्या पडला, हृदय. बेचाळीस वर्षांचा होता. आणायला अकरा दिवस लागले.

त्या दिवसांबद्दल मला फारसं सांगता येत नाही. माणसं येत होती, बसत होती, जात होती. मी चहा करत होते. मला चहा करू नका म्हणाले, तरी करत होते. रडू आलं नाही. येईल येईल म्हणून बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. नंतर त्या कंटाळल्या. मी भात शिजवत होते, खात होते, त्याला चव नव्हती आणि चव नाही याचंही काही वाटत नव्हतं. पमूचं नाव मी घेतलं नाही. ठरवून नव्हे. तोंडात येतच नव्हतं.

मेस्त आला तेव्हा बाहेरूनच आला. एकदाही 'वाईट झालां' म्हणाला नाही. गाडीवर शिडाचं जुनं कापड घातलं, चारी कोपरे बांधले आणि गेला. त्याचा मला राग आला नाही. बरं वाटलं असंही नाही.

मे महिन्यात सुनेचा फोन आला. ती म्हणाली, आई, ती गाडी काढून टाका, तुम्हाला रोज दिसायला नको. मला दिसत होती आणि दिसत नव्हती, दोन्ही सारखंच होतं. पण काढायची तर काढू म्हटलं. कोल्हापूरचा एक माणूस नुसता सांगाडा न्यायला तयार झाला. तो टेम्पो घेऊन आला त्या दिवशी मेस्त कुठून तरी उगवला, कापड बाजूला केलं, गाडीचं दार उघडलं आणि आत जाऊन बसला. समोर इंजिन नाही, नुसता खड्डा, आणि हा स्टिअरिंग धरून बसलेला.

"मेस्त, उतर. गिऱ्हाईक ताटकळलां."

"गाडी तुमची आसा वयनी. इका. पण आधी वाटे देवा."

"वेड लागलां तुका? देवचो म्हणालो तो खंय आसा आता?"

"तो नाय. पण दोरी घरची होती. रापण घराची असता, माणसाची नाय."

"मासे पडले नाय मेल्या. लोखंड वर इलां."

"जां दोरयेन वर येता ता वाट्यान जाता," तो म्हणाला आणि समोरच्या खड्ड्याकडे बघत बसला.

कोल्हापूरचा माणूस मला म्हणाला, "आजी, यांचा हिस्सा आहे का गाडीत? कागदावर?"

"कागदावर नाही," मी म्हटलं.

"मग?"

मला भांडायचं होतं. एरवी मी मेस्ताला कानाला धरून बाहेर काढला असता. पण भांडायला अंगात काही शिल्लक नव्हतं. "तुम्ही जा," मी त्या माणसाला म्हटलं आणि आत जाऊन चूल पुसत बसले.

दुसऱ्या दिवसापासून मेस्त रोज दुपारी यायला लागला. नांदगावला हायवेवर एक साधी चार दारांची गाडी मागून ठोकरलेली पडली होती, तिचं इंजिन त्याने आणलं. ते या गाडीत बसत नव्हतं. बसवायच्या जागाच वेगळ्या. त्याने लाँचीच्या लोखंडी पट्ट्या कापून नव्या जागा केल्या. इंजिन उंच होतं, बोनेट चार बोटं उघडंच राहायचं. तर बोनेटला चौकोनी भोक पाडून त्यावर पत्र्याची टोपी ठोकली. सायलेन्सर कुठला लावला देव जाणे, पण गाडी सुरू झाली की हुबेहूब लाँचीसारखी वाजायची. रस्त्याने गेली की मासे आले समजून वाडीतली मांजरं मागून धावायची.

त्या सगळ्या पावसात आम्ही दोघं काही बोललो नाही. तो तोंडात बोल्ट घेऊन होता, मला बोलायचं नव्हतं. मी चहा ठेवायचे, तो बोल्ट बशीत काढून चहा प्यायचा आणि परत तोंडात भरायचा. नवीन इंजिन खाली सोडायच्या दिवशी साखळी-कप्पी विजयदुर्गहून परत आली होती. त्याने फाटक आतून लावून घेतलं आणि एकट्याने सोडलं. "कोणी हात लावलो तर वाटे वाढतीत," म्हणाला.

इंजिन बदललं की कागदावर नोंदवावं लागतं. त्यासाठी मेस्त ओरसला आरटीओत गेला. मला सही करायला बरोबर नेलं. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, घालायचा कोट घातला होता. ऑफिसात शिरला आणि माणूसच बदलला. "साहेब, सदर गाडीचे मूळ इंजिन जलप्राशनाने मृत झालेले आहे. तरी दुसरे इंजिन बसविण्यात आलेले आहे. तरी नोंद होऊन मिळावी." साहेबाने मान वर करून बघितलं. "कोणी बसवलं?" "आम्ही." "आम्ही म्हणजे किती जण?" मेस्ताने मागे बघितलं, कोट नीट केला आणि म्हणाला, "आम्ही म्हणजे मी एकटा. आदराने." तीन खेपा झाल्या. नोंद झाली.

नाताळ झाल्यावर फेऱ्या सुरू झाल्या. फाटकापासून धक्क्यापर्यंत आणि परत, दहा मिनिटं. रविवारी तीन, सणावारी चार. रुक्मी पाटी सोडायला तयार नव्हती, पाटी मांडीवर घेऊन बसली आणि गाडीला तो वास शेवटपर्यंत राहिला. दाजीने जाताना डोळे मिटले ते येऊन थांबल्यावर उघडले, आणि मग महिनाभर लोकांना सांगत होता की समुद्र काय सुंदर दिसत होता. एकजण मधल्या काळात वारला होता. त्याच्या बायकोला मेस्त घरी जाऊन घेऊन आला. ती म्हणाली, मी काही दोरीला हात लावला नव्हता. मेस्त म्हणाला, "माणूस गेलो म्हणून वाटो जायत नाय. तो घरात जाता." ती बसली. येताना पदराला नाक पुसत होती, मला वाटलं रडते, तर म्हणाली, "सर्दी झाली मेली."

मार्चपर्यंत एकोणीस झाले. राहिले माझ्या घरातले दोन. माझा आणि पमूचा, जो आता माझ्याच घरात येत होता. मेस्त दर रविवारी विचारायचा आणि मी नको म्हणायचे. मला गाडीत बसायचं नव्हतं, बसायचं नाही असंही काही ठाम नव्हतं. नुसतं उठून बसणंच जड होतं. त्या दिवसांत त्याचे पाय सुजायला लागले होते. साखर होती, किडनीपर्यंत गेली होती. मुलगी म्हापशाला घेऊन जाणार होती, तिथे आठवड्यातून दोनदा रक्त साफ करायचं. जायच्या आदल्या दिवशी तो चर्चमधून सरळ आला. कोट घालून, सुजलेल्या पायांत रबरी चपला.

"वयनी, फाल्यां जातंय. दोन वाटे रवले."

"माझो तुका दिलंय. जा."

"वाटो घेवचो लागता. घेवन मगे मांजराक घाला, कोण इचारता? पण न घेता ढीग वाळयेत रवलो तर माका झोप येवची नाय थंय."

त्याच्या पायांकडे बघून मी बसले. त्याने दार लावलं. गाडी निघाली, मांजरं निघाली. देऊळ गेलं, शाळा गेली, धक्का आला. धक्क्यावर होड्या होत्या. वळलो, शाळा आली, देऊळ आलं. मला काही वाटलं नाही. काही वाटलं असतं तर लिहायला बरं झालं असतं, पण नाही वाटलं. गाडी फाटकाशी थांबली आणि तो उतरून माझ्या बाजूला आला, हात देऊन मला वर काढलं. दमला होता.

मला वाटलं झालं. पण त्याने इंजिन बंद केलं नव्हतं. रिकाम्या सीटवर वाकला, पट्टा ओढला आणि खटकन लावला. दार हळू बंद केलं. मग आपल्या बाजूने आत बसला आणि गेला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मी वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून बाहेर आले होते, कपडे काढून झाले तरी फाटकाशीच उभी होते. मांजरं परत आली. अर्धा तास झाला, गाडी नाही. सुजलेले पाय, साखर, तात्पुरतं इंजिन. कुठे जाऊन आदळला असेल असं वाटलं. आणि मग लक्षात आलं की मला काहीतरी वाटलं. दीड तासाने लाँचीचा आवाज आला.

मी त्याला उतरूसुद्धा दिलं नाही. "खंय मेल्लंस? लोकांका धक्को आणि तुका काय गोवा?"

"मसुऱ्यापर्यंत गेल्लंय," तो म्हणाला.

"मसुऱ्याक? कित्याक?"

त्याने बाजूच्या सीटकडे मान केली. "धक्क्यावर वळवक गेलंय तर तुमचो झिल म्हणालो, आजून वायच म्होरे घी. मगे परत म्हणालो, आजून वायच. काय करू? वाटो त्येचो."

"खोटां बोलतंस!" मी ओरडले. "माझो पमू तसां कधी म्हणायचोच नाय. दुसरो कोण गाडी चलवता तेव्हा त्येका उलटी जाता. जहाजावर नाय, होडयेत नाय, पण दुसऱ्याच्या गाडयेत बसलो की दहा मिनटांत पिवळो! म्हणान तर सोताची गाडी घेतल्यान मेल्यान! मसुऱ्यापर्यंत म्हणे. वाटेत कांदळगावाक उतरलो असतो तो, तुझ्या सीटीर ओकून."

मेस्ताने पट्टा सोडवला, सीटवरून हात फिरवून बघितला, नाकाशी नेला आणि म्हणाला, "मगे ह्यो वास रुक्मीचो नाय तर."

मी हसले. ते हसणं कुठून आलं मला माहीत नाही, पण आलं ते थांबेना, आणि त्याच्याबरोबर वर्षभराचं बाकी सगळंही आलं. मी फाटकाला धरून तिथेच खाली बसले. मेस्त पाय ओढत आला आणि समोर पायरीवर टेकला. त्याने मला उठवलं नाही, पाणी आणलं नाही, गप्प राहा म्हणाला नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाला, "ल्हान असताना पण व्हायची काय, उलटी?"

"तुका काय सांगू," मी म्हटलं. आणि तिसरीत असताना एसटीत पमूने कंडक्टरच्या पिशवीत काय केलं होतं, ते मी त्याला सुरुवातीपासून सांगायला लागले.